वायर न हलवता पेसिंगची जागा बदलता येते : सीआरटी मशीनच्या चेकिंगला जाताना काय न्यायचं, काय सांगायचं, काय करून घ्यायचं

खानापूरकडच्या एका आज्जांना सीआरटी मशीन, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकदम करंट देणारा पेसमेकर, बसवून दीड महिना झालेला आणि त्यांची तक्रार एकच, "डाव्या कुशीला वळलो की पोट उडतंय बघा, टक टक टक, रातभर डोळ्याला डोळा नाही." त्याआधी दुसरीकडं दोनदा चेकिंग झालं होतं, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, आणि दोन्ही वेळा कागदावर सगळं नॉर्मल. मग कुणीतरी मुलाच्या डोक्यात घातलं की वायर सरकली, आता परत छाती उघडायला लागणार, म्हणून तो पतसंस्थेत कर्जाचं विचारून आलेला. आमच्याकडं आले तेव्हा मी आज्जांना टेबलावर आडवं केलं, डाव्या कुशीवर वळवलं, बरगडीच्या खाली तळहात ठेवला, आणि दर ठोक्याला आतून हाताला धक्का लागायला लागला. वायर जागच्या जागीच होती. कॉम्प्युटरवरून पेसिंगची, म्हणजे करंट देऊन ठोका लावायची, जागा बदलली, वीस-पंचवीस मिनिटं लागली, आज्जा त्याच कुशीवर पडून म्हणाले, "थांबलं की!"

मी बेळगावात डिव्हाइस चेकिंगचं काम करतो, डॉक्टर नाही, डॉक्टरांबरोबर प्रोग्रामरवर, म्हणजे मशीन वाचायच्या आणि सेटिंग बदलायच्या कॉम्प्युटरवर, बसणारा टेक्निशियन. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड इकडून येणाऱ्या बऱ्याच लोकांना माहितीच नसतं की ऑपरेशनशिवाय एवढं काही करता येतं, आणि माहिती नसलं की विचारत नाहीत, आणि विचारलं नाही की गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण टेबलावर काय चाललंय ते कळलं तर पेशंट आणि घरचे फार मदत करू शकतात.

आधी मशीन काय करतं ते थोडक्यात. साध्या पेसमेकरला एक किंवा दोन वायरी, सीआरटीला बहुतेक वेळा तीन. एक उजव्या वरच्या कप्प्यात, एक उजव्या खालच्या कप्प्यात, आणि तिसरी हृदयाच्या मागच्या बाजूच्या शिरेतून नेऊन डाव्या खालच्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला, तिला आम्ही एलव्ही लीड म्हणतो. हे बसवतात कुणाला, तर ज्यांचं पंपिंग म्हणजे ईएफ ३५ टक्के किंवा त्याखाली आहे, औषधं पूर्ण चालू असूनही दम लागतोय आणि ईसीजीत लेफ्ट बंडल ब्लॉक आहे, म्हणजे डाव्या बाजूला सिग्नल नेणारी वाट अडलेली आहे. अशा हृदयाची डावी भिंत उशिरा आवळते, उसाच्या गाडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल पाऊल मागं टाकत असेल तर गाडी जशी आडवी ओढली जाते तसं. दोन्ही बाजूनं एकदम करंट दिला की भिंती परत एका तालात येतात. यानं नुसतं बरं वाटतं असं नाही, माणसं जास्त जगतात हे २००५ च्या केअर-एचएफ अभ्यासात दिसलेलं आहे.

ईसीजीचा कागद घरी असेल तर काढून बघा. नेहमीच्या स्पीडला एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदाचा, मोठा २०० चा. क्यूआरएस म्हणजे मधला उंच भाग, तो जवळपास चार छोटे चौकोन रुंद असेल तर झाले १५० च्या पुढं. मशीन बसल्यावरच्या ईसीजीत तोच भाग किती चौकोन आहे ते शेजारी ठेवून मोजा. बहुतेकांचा अरुंद होतो, आणि झाला नसेल तर चेकिंगच्या वेळी पहिला प्रश्न तोच विचारायचा.

तरी साधारण तिघांतल्या एकाला सीआरटीचा म्हणावा तसा फायदा दिसत नाही. कारणं पुष्कळ आहेत, पण त्यातली दोन-तीन कारणं प्रोग्रामरवर सुधारण्यासारखी असतात आणि हा लेख त्याचाच आहे.

एका वायरीत चार जागा

एलव्ही लीड जिथं शीर आहे तिथंच जाते, डॉक्टरांना हवी ती जागा प्रत्येक वेळी मिळत नाही. जुन्या लीडला टोकाशी दोनच इलेक्ट्रोड, म्हणजे करंट सोडायच्या जागा, असायचे, ती जागा नसेवर आली किंवा तिथं स्नायू मेलेला असला की पर्याय संपला, परत ऑपरेशन. मग चार इलेक्ट्रोडची क्वाड्रिपोलर लीड आली, अमेरिकेत तिला २०११ साली मंजुरी मिळाली आणि आता आपल्याकडंही सर्रास वापरतात. वायरीच्या शेवटच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये एक टोक आणि तीन रिंगा. करंट निगेटिव्ह टोकापासून सुरू होतो, म्हणजे प्रोग्रामरवर निगेटिव्ह कुठला आणि पॉझिटिव्ह कुठला हे बदललं की ठोका सुरू होण्याची जागा बदलते, वायर मिलिमीटरभरही हललेली नसते. या निगेटिव्ह-पॉझिटिव्ह जोडीला व्हेक्टर म्हणतात. चार जागा आणि शिवाय उजवीकडच्या वायरीची कॉइल (शॉक द्यायची गुंडाळी) किंवा मशीनचा डबा पॉझिटिव्ह म्हणून धरला की कंपनीप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त जोड्या मिळतात.

म्हणून कुणी "वायर बदलायला लागेल" म्हणालं तर शांतपणे विचारायचं : सर, लीड क्वाड्रिपोलर आहे का, आणि सगळे व्हेक्टर तपासून झाले का? दोनच इलेक्ट्रोडची असली तरी तीन-चार जोड्या निघतात, विचारायला हरकत नाही.

घरातून निघायच्या आधी

सगळ्यात आधी फोन करा. एका कंपनीचं मशीन दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामरवर वाचता येत नाही, आणि आपल्याकडं हा घोळ नेहमीचा, कारण निपाणीच्या माणसाचं ऑपरेशन कोल्हापुरात झालेलं, कुणाचं मिरजेत, कुणाचं मुलगा नोकरीला म्हणून बेंगळुरात, आणि चेकिंगला जवळ म्हणून बेळगाव. मेडट्रॉनिक, ॲबट, बॉस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक यातलं कुठलं ते मशीनच्या कार्डावर लिहिलेलं असतं, मॉडेल नंबरसकट. कार्डाचा फोटो काढून आधी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्या कंपनीचा प्रोग्रामर त्या दिवशी आहे का ते पक्कं करा, नाहीतर जांबोटीहून भर पावसात दोन बस बदलून आलेल्या माणसाला तसंच परत पाठवताना फार वाईट वाटतं.

बरोबर काय आणायचं : मशीनचं कार्ड, ऑपरेशनचा रिपोर्ट (त्यात कुठल्या जोडीवर थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका लागायला कमीत कमी लागणारे व्होल्ट, किती आणि कुठं पोट उडालं हे लिहिलेलं असतं, म्हणून तो सोन्यासारखा), मशीनच्या आधीचा आणि नंतरचा ईसीजी, ऑपरेशननंतरचा छातीचा एक्स-रे समोरून आणि बाजूनं असे दोन्ही, शेवटचा इको, मागच्या चेकिंगचे प्रिंटआउट आणि गोळ्यांची पाकिटं. पाकिटंच आणा, नावं पाठ असली तरी.

आणि तक्रार लिहून आणा. "त्रास होतोय" एवढ्यावरून काही सापडत नाही. कधी होतंय, कुठल्या कुशीवर, वाकल्यावर का जेवल्यावर, सलग का मधेमधे, कुठं हात ठेवला की लागतं. जमलं तर पोट उडतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दहा सेकंदांचा पुरे. समोरचा टेक्निशियन कन्नड बोलणारा असेल आणि आज्जीला मराठीच येत असेल तर "एड मग्गुलिगे मलगिदरे बिक्कळिके बरतैति" एवढं पाठ करा, म्हणजे डाव्या कुशीवर झोपलं की उचकी येते. यातलं "एड मग्गुलु" फार महत्त्वाचं, उचकीची गोळी लिहून मिळायची नसेल तर.

टेबलावर काय काय होतं

अंगाला बारा लीडचा ईसीजी लावतात. काही ठिकाणी तीन वायरींवर भागवतात, पण एलव्हीची जागा बदलायची असेल तर बाराच पाहिजेत, कारण ठोका कुठून निघाला ते त्याच्या आकारावरूनच कळतं. मग छातीवर वँड (प्रोग्रामरला जोडलेला हातातला तुकडा) ठेवून किंवा वायरलेसनं मशीन वाचतात. आधी बॅटरी, मग प्रत्येक वायरीचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. तो साधारण २०० ते २००० ओहमच्या मधे असायला पाहिजे, एकदम फार वर गेला तर वायर तुटल्याची किंवा स्क्रू सैल असल्याची शंका, फार खाली आला तर वरचं आवरण फाटल्याची. मागच्या वेळचे आकडे शेजारी असले की अर्धं काम झालं.

त्यानंतर बायव्हेंट्रिक्युलर पेसिंग, म्हणजे दोन्ही खालच्या कप्प्यांना मशीननं दिलेले ठोके, किती टक्के. हा आकडा तुम्ही स्वतः विचारून घ्या. ९८ च्या वर पाहिजे. ९० म्हणजे शाळेत चांगले मार्क असतील, इथं नाहीत, दहातला एक ठोका जुन्या वाकड्या वाटेनंच चाललाय. आणि आकडा ९९ दिसला तरी डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, कारण एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचा ताल बिघडून ठोके अनियमित पडणं) असेल किंवा जादा ठोके पडत असतील तर हृदयाचा स्वतःचा ठोका आणि मशीनचा करंट एकावर एक पडतात, मशीन ते "मी दिला" म्हणून मोजतं पण भिंतीवर त्याचा परिणाम अर्धवट किंवा काहीच नसतो. अशा पेशंटला २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) लावून खरे ठोके मोजावे लागतात, आणि तिथं व्हेक्टर बदलून उपयोग नाही, आधी ताल आवरायला पाहिजे, औषधानं किंवा अब्लेशननं, म्हणजे शिरेतून तार नेऊन ताल बिघडवणारी जागा निकामी करून.

आता मुख्य काम. एकेक व्हेक्टर घेऊन करंट मोठ्यापासून हळूहळू कमी करत आणतात. स्क्रीनवर एका क्षणी ठोक्याचा आकार बदलतो, तिथं डावी भिंत सुटली, नुसती उजवी वायर चालू राहिली. त्याच्या वरचा शेवटचा आकडा म्हणजे थ्रेशोल्ड. हे चालू असताना पेशंटला क्षणभर वेगळं वाटू शकतं, गरगरलं तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही. पल्सची रुंदी ०.४ किंवा ०.५ मिलिसेकंद धरतात, ती वाढवली तर कमी व्होल्टेजमध्ये काम होतं, कधी कधी तेवढ्यानंच सुटतं.

मग पोट उडण्याची टेस्ट, आणि इथं मी हट्ट धरायला सांगेन. डाव्या भिंतीच्या बाहेरून फ्रेनिक नावाची नस जाते, ती डायफ्रामला म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासाच्या पडद्याला हलवते. इलेक्ट्रोड तिच्याजवळ असला की करंट तिलाही लागतो, म्हणून उचकी लागल्यागत होतं. कूस बदलली की हृदय छातीत थोडं सरकतं, त्यामुळं बसून काही नसतं आणि डावीकडं पडलं की सुरू. म्हणून प्रत्येक व्हेक्टरवर करंट मोठा ठेवून पेशंटला उताणं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, बसून, आणि खोल श्वास घेऊन असं तपासायचं. बरगडीखाली हात ठेवायचा, नुसतं बघून बारीक धक्का कळत नाही. खानापूरच्या आज्जांचं टोकाच्या इलेक्ट्रोडवर १.५ व्होल्टला ठोका लागत होता आणि डाव्या कुशीवर २ व्होल्टलाच पोट उडत होतं, मधे जागाच नव्हती. तिसऱ्या रिंगेला निगेटिव्ह धरल्यावर थ्रेशोल्ड १.७५ झाला, किंचित जास्त, पण ७ व्होल्टपर्यंत पोट हललं नाही. बघा, थ्रेशोल्ड सगळ्यात कमी म्हणून पहिलाच व्हेक्टर ठेवला असता तर माणूस झोपेविना राहिला असता. दोन आकड्यांमधलं अंतर बघायचं.

यातून दोन-चार जोड्या पास होतात. त्यातली कुठली घ्यायची हे डॉक्टर ठरवतात आणि ते तीन-चार गोष्टी तोलतात. एक, ती जागा किती उशिरा जागी होते. ईसीजीत क्यूआरएस सुरू झाल्यापासून त्या इलेक्ट्रोडखाली सिग्नल पोचायला लागणारा वेळ म्हणजे क्यू-एलव्ही, तो ९५ मिलिसेकंदांच्या वर असला की फायदा होण्याची शक्यता जास्त, कारण उशीर होणाऱ्या भागालाच आधी उठवायचंय. दोन, हृदयाच्या अगदी टोकाची जागा शक्यतो टाळायची, मॅडिट-सीआरटी नावाच्या अभ्यासाच्या २०११ च्या विश्लेषणात टोकाशी पेसिंग झालेल्यांचे निकाल वाईट आले होते, म्हणून वरच्या रिंगा हाताशी असणं मोलाचं. तीन, त्या जोडीवर पेसिंग करताना क्यूआरएस किती अरुंद होतो आणि ईसीजीच्या व्ही-वन या पट्टीत वर जाणारी उंच लाट (आर), लीड वन या पट्टीत खाली वळण दिसतंय का, म्हणजे डावीकडून खरंच सुरुवात होतेय. आणि बॅटरी. व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच इम्पिडन्सला दर ठोक्याची ऊर्जा चौपट जाते, ४ चं २ व्होल्ट करता आलं तर एलव्हीचा खर्च पावपट. मशीन बदलायचा खर्च घरात कुणाला उचलायला लागतो ते मला माहीत आहे, म्हणून बॅटरीचा विचार मी दरवेळी डॉक्टरांसमोर काढतोच.

काही मशीनमध्ये एकाच वायरीच्या दोन जागांवरून एकापाठोपाठ पेसिंग करता येतं, मल्टिपॉइंट म्हणतात. काहींना उपयोग होतो, बॅटरी जास्त जाते, सगळ्यांना लावायची गोष्ट नाही.

ताल बसवणं

जागा ठरली की वेळ. वरचा कप्पा आवळल्यावर खालच्याला किती थांबून करंट द्यायचा तो एव्ही डिले. फार कमी ठेवला तर वरच्या कप्प्यातलं रक्त पूर्ण खाली यायच्या आत झडप मिटते, फार जास्त ठेवला तर हृदयाचा स्वतःचा बिघडलेला सिग्नल आधी पोचतो आणि मशीन नावापुरतं राहतं. इकोवर मायट्रल झडपेतून (डाव्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप) रक्त खाली येतानाच्या दोन लाटा, ई आणि ए, बघून तो बसवता येतो, काही मशीन स्वतःच मोजून बदलत राहतात. पण २०१० च्या स्मार्ट-एव्ही अभ्यासात सरसकट १२० मिलिसेकंद ठेवणं, इकोनं बसवणं आणि मशीनच्या हिशोबानं बसवणं यात फरक दिसला नाही, त्यामुळं तुमच्या दवाखान्यात इकोवर बसवत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. ज्याला फायदा होत नाहीये त्याच्यासाठी मात्र वेळ काढून करून बघावं. डाव्या-उजव्या वायरीतलं अंतर म्हणजे व्हीव्ही डिले, त्यात डावीला थोडी आधी सोडून क्यूआरएस बघतात, मी त्यात फार वेळ घालवत नाही.

शेवटी करंट किती ठेवायचा. थ्रेशोल्डच्या वर मार्जिन लागतं, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत थ्रेशोल्ड चढतो म्हणून तेव्हा जास्त. एलव्हीला मार्जिन थोडं कमी ठेवलं तरी चालू शकतं कारण ती चुकली तर उजवी वायर ठोका देतेच, पण पेशंट पूर्ण मशीनवर अवलंबून आहे का हे बघून डॉक्टर ठरवतात.

कधी हे जमत नाही

एक्स-रेमध्ये वायर खरंच शिरेतून मागं आली असेल तर प्रोग्रामरनं ती आत जात नाही. वायर तुटली असेल, सगळ्या जोड्यांवर पोट उडत असेल, कुठंच ठोका लागत नसेल, तर परत ऑपरेशनचा विचार करावा लागतो. मशीनच्या जागी लाली, पू, ताप, कातडी पातळ होऊन डबा वर दिसायला लागला, हे इन्फेक्शन समजायचं आणि त्याच दिवशी जायचं, हळद-लेप लावत बसायचं नाही. आणि खिशात हात घालून चाळा केल्यागत मशीन कातडीखाली फिरवायची सवय काहींना लागते, त्यानं वायरी गुंडाळून ओढल्या जातात. असं कुणी करताना दिसलं तर घरच्यांनी तिथंच हात धरा.

घरी गेल्यावर

बदल केल्यावर लगेच बस पकडू नका. अर्धा तास बाहेर फिरा, चहा घ्या, बाकावर पडून दोन्ही कुशी बघा, पायातलं काढताना वाकता तसं वाकून बघा. उडालं तर तिथल्या तिथं परत बसवता येतं, घरी पोचल्यावर कळलं तर परत एक दिवस मोडतो. पहिले दोन दिवस झोपताना कुठल्या कुशीवर काय झालं ते लिहून ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं किंवा पायावर सूज आली, रात्री उठून बसायला लागलं, तर फोन करा. चक्कर येऊन पडलात तर फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, मशीन आलं म्हणून औषध गेलं असं होत नाही, आणि खारातली मिरची, लोणचं, पापड यांच्यावर हात आखडा ठेवा, त्यातल्या मिठानं पाणी साठतं.

घरी ठेवायचा मॉनिटर मिळाला असेल तर तो माहिती पाठवतो, सेटिंग बदलत नाही, म्हणून चेकिंग टाळायचं नाही. ऑपरेशननंतर पहिलं चेकिंग २ ते १२ आठवड्यांत, पुढं साधारण ३ ते ६ महिन्यांनी, आणि बॅटरी संपत आली की आणखी कमी अंतरानं.

निघताना दोन प्रिंट मागून घ्या, बदल करायच्या आधीच्या सेटिंगचा आणि नंतरच्या, आणि दोन्हीवर कुठला व्हेक्टर, थ्रेशोल्ड किती, किती व्होल्टला आणि कुठल्या कुशीवर पोट उडालं हे पेननं लिहून घ्या. ते चकचकीत थर्मल पेपर वर्षभरात पुसट होतात, म्हणून बाहेरच्या दुकानात झेरॉक्स काढा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.